पेरणारा निजतो तेव्हा

मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात, पेरणाऱ्याचा सर्वश्रुत दाखला आणि मोहरीच्या दाण्याचा लाडका दाखला यांच्या मध्ये, अवघ्या चार वचनांचा एक दाखला आहे. मत्तयाने तो घेतला नाही, लूकने घेतला नाही, योहानाच्या लेखनात त्याची चाहूलही नाही. चौघा शुभवर्तमानकारांपैकी एकट्या मार्कानेच तो जपून ठेवला. गोष्ट म्हणावी तर तिच्यात घडत काहीच नाही. कोणी एक माणूस जमिनीत बी टाकतो आणि घरी जातो. तो निजतो, उठतो, पुन्हा निजतो. रात्री सरतात, दिवस उजाडतात, आणि तिकडे शेतात बी रुजून वर येते. ते कसे वाढले हे त्याला विचाराल तर सांगता यायचे नाही. भूमी आपल्या अंगच्या सामर्थ्याने आधी हिरवे पाते वर काढते, यथाकाल त्याला कणीस धरते, आणि मग कुठे त्या कणसात दाणा भरतो. पीक पिकले की माणूस विळा घेऊन येतो. ना नाट्य, ना संवाद, ना शेवटी तात्पर्य. तरी माणसाचे अंतरंग कसे वाढते याविषयी ख्रिस्ती धर्मविचाराने पुढे दोन हजार वर्षे जे काही सांगितले त्याचा गाभा या चार वचनांत आहे असे मला वाटते. म्हणून आपण ती सावकाश, एकेक तपशील हाती घेऊन वाचू या.

पहिला तपशील झोपेचा. नव्या करारात झोपेला एरवी फारसा मान नाही. वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारी पेंगतात आणि त्यांतल्या पाचजणींना दार बंद होते. लोक झोपेत असताना वैरी येतो आणि गव्हात निदण पेरून जातो. गेथशेमाने बागेत गुरू व्याकूळ होऊन प्रार्थना करत असताना शिष्यांचे डोळे मिटतात आणि त्याबद्दल त्यांना बोल ऐकावे लागतात. या सगळ्या बेसावध निद्रांमध्ये आपला पेरणारा मात्र निर्धास्त झोपतो, आणि दाखला सांगणारा त्याला एका शब्दानेही दोष देत नाही. उलट, त्याच अध्यायाच्या अखेरीस आपण पाहतो तो काय, सांगणारा स्वतःच झोपलेला! गालील सरोवरावर वादळ उठले आहे, नावेत पाणी शिरते आहे, आणि येशू नावेच्या मागच्या भागात उशी घेऊन शांत निजला आहे. मार्काने ही दोन माणसे एकाच अध्यायात झोपवली, मग ते हेतुपूर्वक असो वा सहज. रसिकाने त्यांना शेजारी शेजारी ठेवून पाहावे. मग ध्यानात येते की पेरणाऱ्याची झोप आळसाची नाही. आपले काम झाले आणि उरलेले काम आपले नाही, हे ज्याला उमगले त्याची ही झोप आहे. आणि तिच्या शेजारीच आणखी एक बारकावा दडलेला आहे. या वचनात रात्र आधी येते, दिवस नंतर. यहुदी दिनमान सूर्यास्ताबरोबर सुरू होते, त्याला अनुसरून हा क्रम आला असेल. परंतु वाढीच्या दाखल्यात तो किती शोभून दिसतो! बी अंधारात फुटते, गर्भ अंधारात घडतो, आणि माणसाच्या मनात जे काही मोठे बदलते तेही बहुधा त्याच्या नकळत, त्याच्या निजेच्या वेळी बदलून गेलेले असते. उजाडल्यावर कळते ते एवढेच, की काल इथे काही नव्हते आणि आज आहे.

हा दाखला पॅलेस्टाइनच्या गव्हा-जवाच्या शेतातला आहे. आपण तो भोर-वेल्ह्याच्या भातखाचरात नेऊन वाचला तर? नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांची ही खोरी. वर राजगड-तोरण्याचे कडे, खाली डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत आलेली, बांधांनी अडवलेली खाचरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनची माणसे भोर संस्थानातल्या खेड्यांत शुभवर्तमान घेऊन फिरू लागली, तेव्हा हा दाखला इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची फारशी गरज पडली नसावी. शेतकऱ्याची तगमग त्याला पुरती ठाऊक होती. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या अंथरून राब भाजायचा. पावसाचा अंदाज घेऊन त्या भाजलेल्या मातीत बी टाकायचे. तरवा वीतभर झाला की चिखलणी करून, डोक्यावर इरले घेऊन, वाकून वाकून लावणी उरकायची. इतके सारे हातांनी केल्यावर एक क्षण असा येतो की हातांना करण्यासारखे काही उरत नाही. पाणी अडवता येते, तण काढता येते, खत घालता येते. पण रोपाला ओढून उंच करता येत नाही. ज्याने उपजत अधीरपणाने रोप ओढून पाहिले त्याच्या हातात फक्त रोप येते. इथे श्रम आणि विश्रांती यांची जी सीमारेषा आहे, तिच्यावरच दाखल्यातला माणूस पांघरूण घेऊन झोपला आहे.

आता त्या वाढीच्या तीन पायऱ्यांकडे पाहू. पाते, कणीस, भरला दाणा. दाखला सांगणाऱ्याला थेट बियाण्यावरून सुगीवर जाता आले असते; गोष्ट आटोपशीर झाली असती. त्याने तसे केले नाही. त्याने मधल्या प्रत्येक अवस्थेपाशी थांबून तिचे नाव घेतले, आणि या नाव घेण्यातच मला त्याचे सारे ममत्व दिसते. श्रावणातले खाचर आपण डोळ्यांपुढे आणू. त्यात एकही दाणा नसतो. तरीही कोणता शेतकरी त्या हिरव्या डोलाला अपुरे म्हणेल? पात्याचे पुरेपण पाते असण्यात आहे. भाद्रपदात पोटरी धरते, पीक निसवते, लोंब्या बाहेर पडतात, त्या अजून पोकळ असतात, ताठ असतात. तरी त्यांचे म्हणून एक सौंदर्य असते. मूल म्हणजे अर्धवट राहिलेला प्रौढ, ही समजूत माणसांनी शतकानुशतके बाळगली. या दाखल्यातल्या क्रमाने वाचणाऱ्याला ती टिकवता येत नाही. मूल हे पूर्ण मूल असते, आणि नवा श्रद्धावंत हा पूर्ण नवा श्रद्धावंत असतो; त्याच्याकडून दाण्याची अपेक्षा करायची ती दाण्याच्या ऋतूत.

याच धाग्याने आपण लूकच्या दुसऱ्या अध्यायापाशी येतो, आणि तिथे एक विलक्षण गोष्ट सापडते. बारा वर्षांचा येशू वल्हांडणाच्या यात्रेत आईबापांपासून चुकतो, तीन दिवसांनी यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसलेला सापडतो, आणि तिथे तो करतो काय? ऐकतो आणि प्रश्न विचारतो. नंतर तो मायबापांबरोबर नासरेथास परततो आणि त्यांच्या आज्ञेत राहतो. लूक एका वाक्यात नोंदवतो की तो शरीराने वाढला तसा ज्ञानानेही वाढत गेला. मराठी मनाला बाळकृष्णाची सवय आहे. त्या बाळाच्या चिमुकल्या मुखात यशोदेला ब्रह्मांड दिसते. तो बाळपण खेळतो, कारण मुळात तो सर्वज्ञ आहे, आणि त्या लीलेतली गोडी आपण पिढ्यान्‌पिढ्या चाखत आलो आहोत. लूकच्या बाळाची गोडी निराळी आहे. त्याला खरोखरच कळत नाही, म्हणून तो विचारतो. त्याला खरोखरच वाढावे लागते. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे तो देवाचा पुत्र. पण त्यालाही वाढीतून सुटका नाही, त्याच्यासाठीही कोणी दोन यत्ता गाळल्या नाहीत. सेवाकार्याला आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, असे लूक सांगतो. म्हणजे बारापासून तिसापर्यंतची सारी वर्षे शुभवर्तमानांनी कोरी सोडली आहेत. ती वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल? दाणा भरत होता.

पौलाने आणि इतर पत्रलेखकांनी या वाढीसाठी जी प्रतिमा वारंवार वापरली ती दुधाची. तिचे तीन उपयोग शेजारी मांडले तर एकाच वस्तूवर तीन कोनांतून उजेड पडावा तसे होते. करिंथकरांना लिहिताना पौल किंचित रागावलेला आहे: तुम्ही अजून तान्ही बाळे आहात, म्हणून तुम्हाला दूधच पाजावे लागले, जड अन्न तुम्हाला पचले नसते. त्या मंडळीत गटबाजी माजली होती, कोणी स्वतःला पौलाचा म्हणवीत होता, कोणी अपुल्लोसाचा. त्या भांडणातच त्याला त्यांचे बाळपण दिसले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सूर अधिक खेदाचा आहे: इतका काळ लोटला, आतापर्यंत तुम्ही शिक्षक व्हायचे, तर तुम्हालाच पुन्हा मुळाक्षरे शिकवायची वेळ आली. आणि पेत्र? तो मात्र दुधावर प्रसन्न आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला दुधाची जशी ओढ असते तशी तुम्हाला असू द्या, असे त्याचे सांगणे. तेच दूध एकाला उणेपणाची खूण वाटते, दुसऱ्याला भूक जागी असल्याची. दोघांचेही खरे आहे, कारण दोघे दोन वेगळ्या वयांशी बोलत आहेत.

आणि इथे भोर-वेल्ह्याचे खाचर आपल्याला असे काही दाखवते जे पत्रलेखकांनी पाहिले असते तर त्यांना आनंद झाला असता. निसवलेल्या लोंबीत दाणा भरू लागतो तेव्हा तो पहिल्यांदा दुधाचा असतो. कोवळा दाणा नखाने दाबला की पांढरे दूध बाहेर येते. दिवस जातात, ऊन लागते, आणि तेच दूध दाटते, चिकट होते, घट्ट होते, आणि शेवटी दातांखाली कडक लागणारा तांदूळ होतो. म्हणजे दूध आणि जड अन्न या दोन वस्तू नव्हेतच. दुधाचाच भात होतो. बाळपणी ऐकलेली साधी गोष्ट, आईने झोपताना म्हणायला शिकवलेली प्रार्थना, संडे स्कूलमध्ये पाठ केलेले वचन, यांना मागे टाकून मोठे व्हायचे नसते. आयुष्याचे ऊन लागून त्यांनाच घट्ट व्हायचे असते. ज्या दाण्यात दूध कधी भरलेच नाही त्याचे फोल होते, हे सांगायला धर्मशास्त्री लागत नाही.

वाढीची ही पायऱ्यापायऱ्यांची चाल एका व्यक्तीत पाहायची असेल तर योहानकृत शुभवर्तमानातला निकदेम पाहावा. तो परूशी आहे, प्रतिष्ठित आहे, वयस्क आहे, आणि तो येशूकडे येतो तो रात्री. नव्याने जन्म घ्यावा लागतो हे ऐकून तो विचारतो की म्हाताऱ्या माणसाने पुन्हा आईच्या उदरात कसे शिरावे. प्रश्न भाबडा आहे आणि म्हणूनच प्रामाणिक आहे. त्या रात्रीचे संभाषण कसे संपले, तो काय ठरवून उठला, हे योहान सांगत नाही. निकदेम प्रसंगातून नुसता विरून जातो. पण सातव्या अध्यायात धर्मसभेत येशूविरुद्ध सूर चढतात तेव्हा तोच निकदेम एक बेताचे वाक्य बोलतो: माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय आपला कायदा त्याला दोषी ठरवतो काय? त्याला टोमणा मिळतो, तो गप्प होतो. आणि मग एकोणिसाव्या अध्यायात, सारे शिष्य पांगलेले असताना, गंधरस आणि अगरू यांचे राजाला शोभेल एवढे ओझे घेऊन तो दफनाला उभा राहतो. कानात कुजबुजलेला प्रश्न, सभेतले एक धीराचे वाक्य, आणि अखेर उघड उघड केलेली कृती. पाते, कणीस, दाणा. योहानाने या तीन भेटी एकमेकींपासून किती दूर ठेवल्या आहेत! मधल्या पानांत निकदेमाचे काय चालले होते? दाखल्यातल्या माणसाप्रमाणे आपल्यालाही ते ठाऊक नाही, आणि नसलेलेच बरे.

आता दाखल्यात नसलेल्या एका गोष्टीकडे वळू, कारण ती केवळ भातशेतीच सांगू शकते. गहू पेरला तिथेच वाढतो. भाताला मात्र उपटावे लागते. तरव्यात दाटीने, भावंडांच्या अंगाला अंग लावून वाढलेले रोप मुळासकट काढून परक्या चिखलात लावले की पहिले काही दिवस ते पिवळे पडते, मान टाकते. नवख्याला वाटते, गेले. जाणता शेतकरी मात्र बांधावर उभा राहून म्हणतो, धरील मूळ. या पिवळेपणाची आणि त्यानंतरच्या मूळ धरण्याची सर्वांत सुंदर मराठी कथा म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.

नाशिकजवळच्या जलालपुरात 1868 साली जन्मलेली मनू गोखले (लग्नानंतरच्या लक्ष्मीबाई) ज्या तरव्यात वाढली तो सोवळ्याचा होता. वडिलांच्या सोवळ्याला सीमाच नव्हती, आणि त्याचा जाच घरातल्या साऱ्यांना; लक्ष्मीबाई तो सांगतात मात्र हसत हसत. अकराव्या वर्षी लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी, म्हणजे एका जन्मजात भटक्या, शीघ्रकोपी, उदार आणि प्रतिभावान कवीशी. 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बातमी ऐकून लक्ष्मीबाईंवर जे कोसळले ते त्यांच्याच शब्दांत वाचावे. पदरी लहान मूल, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आप्तांच्या आधाराने काढलेली ती वर्षे म्हणजे उपटलेल्या रोपाचे पिवळे दिवस. त्या नवऱ्याकडे परतल्या तेव्हाही आपले सोवळे आणि आपली वेगळी चूल बरोबर घेऊनच परतल्या. आणि इथे टिळकांमधला एक गुण आपण टिपून ठेवावा: एरवी कमालीचा उतावळा असलेला हा माणूस बायकोच्या श्रद्धेच्या बाबतीत थांबला. त्यांनी तिच्यावर आपला धर्म लादला नाही. आपल्या दाखल्यातला माणूस बी उकरून पाहत नाही, तो निजतो. टिळकांसारख्या स्वभावाला ते किती जड गेले असेल याची कल्पना केली की त्या संयमाचे मोल वाढते.

मग हळूहळू मूळ धरू लागते. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाई कोणा पंडिताच्या पुस्तकातून घेत नाहीत. त्या तो स्वतःशीच, घरातल्या बाईच्या रोकड्या तर्काने घोळवतात, स्वतःच उत्तर देतात, आणि उत्तर मिळाल्यावर त्याप्रमाणे वागायला लागतात. कोणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कोणाचे नाही, हा त्यांच्या पूर्वायुष्याचा सारा व्याकरणनियम. तो गळून पडतो तेव्हा ढोल वाजत नाहीत. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला तो संस्कार आरंभ वाटत नाही आणि शेवटही वाटत नाही. वाढ त्याच्या आधीपासून चालू होती आणि त्यानंतरही चालूच राहिली: दुष्काळातली अनाथ मुले पोटाशी धरताना, नगरच्या मिशनच्या आवारात शेजारणींशी भांडताना आणि समेट करताना, टिळकांनी रागाने केलेल्या आणि प्रेमाने निस्तरलेल्या असंख्य उपद्व्यापांत. टिळक 1919 साली गेले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला तो 1934 साली. बाप्तिस्म्यानंतर चौतीस वर्षांनी आलेली ही सुगी.

या पुस्तकाच्या शैलीत आपल्या विषयाचे सर्वांत नाजूक मर्म आहे. पौल करिंथकरांना एका ठिकाणी सांगतो की मूल होतो तेव्हा मुलासारखे बोललो, प्रौढ झाल्यावर पोरपणाच्या गोष्टी टाकल्या. पुढच्याच अध्यायात तोच पौल म्हणतो की दुष्टपणाच्या बाबतीत तान्ही बाळे राहा, समजुतीच्या बाबतीत मात्र प्रौढ व्हा. आणि मत्तयाच्या अठराव्या अध्यायात, स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण अशी शिष्यांची चुरस लागली असता, येशू एका बाळकाला त्यांच्यामध्ये उभे करतो. इथे मानवी वाढ आणि आत्मिक वाढ यांची समांतर चाललेली वाट अचानक वळते. शरीराची वाढ परावलंबनाकडून स्वावलंबनाकडे जाते. आत्म्याची वाढ, ख्रिस्ती समजुतीप्रमाणे, पुन्हा एकदा विश्वासाने हात धरण्याकडे येते. बालिशपणा गळतो आणि बालभाव उरतो. लक्ष्मीबाई आपल्या जुन्या सोवळ्याबद्दल, अज्ञानाबद्दल, रुसव्याफुगव्यांबद्दल लिहितात तेव्हा त्यांत पश्चात्तापाचा जड सूर नाही, आपण किती पुढे आलो याचा टेंभाही नाही. आहे ते हसू. ज्याला स्वतःच्या पोरपणावर असे निर्व्याज हसता येते तो मोठा झाला आहे आणि त्याच्यातले मूलही शाबूत आहे, असे खुशाल समजावे. मराठी आत्मचरित्रांत कबुलीजबाब पुष्कळ सापडतील, समर्थने त्याहून जास्त. स्वतःच्या वाढीकडे इतक्या मायेने आणि इतक्या खट्याळपणे पाहणारा डोळा मात्र दुर्मीळ आहे.

ख्रिस्ती मंडळीने या समांतर वाढीला विधींचेही रूप दिले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी ती जुळणी मोठ्या सुबकपणे मांडली: देहाला जन्म लागतो तसा आत्म्याला स्नानसंस्कार, देहाला वाढ आणि बळ लागते तसा दृढीकरण संस्कार, देहाला अन्न लागते तसा प्रभुभोजनाचा संस्कार, आजार आहे म्हणून बरे करणारे संस्कारही आहेत. वसईच्या कॅथलिक घरातले बाळाचे स्नान असो की नगरच्या प्रॉटेस्टंट मंडळीत तरुण मुलाने सर्वांसमोर उभे राहून आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने सांगणे असो, पंथापंथांत पद्धती आणि वये बदलतात, पण माणूस टप्प्याटप्प्याने वाढतो हे भान कायम राहते. विसाव्या शतकात एरिक एरिक्सन यांनी माणसाच्या मानसिक वाढीच्या आठ अवस्था मांडल्या, आणि 1981 साली जेम्स फाउलर यांनी श्रद्धेच्या वाढीचेही टप्पे आखून दाखवले. ती आखणी अभ्यासकाला उपयोगी आहे. पण योहानाच्या पहिल्या पत्रातली रीत मला अधिक रसाळ वाटते. तो एकाच दमात मुलांना, तरुणांना आणि वडील माणसांना संबोधतो, आणि पुन्हा एकवार तिघांनाही संबोधतो. कोणाला रांगेत मागे उभे करत नाही. खाचरात एकाच चुडाला पुष्कळ फुटवे येतात. सगळे एका दिवशी निसवत नाहीत. शेतकरी त्यांना एकाच पाण्यावर ठेवतो. इफिसकरांच्या पत्रात तर पौलाच्या नावाने जी वाढ सांगितली आहे ती एकेकट्याची नाहीच; साऱ्या मंडळीने मिळून एक पूर्ण मनुष्य व्हायचे आहे. कोणी एक झपाट्याने वाढला आणि शेजारचे खुरटले, तर त्या हिशेबात वाढ झालेलीच नाही.

आणि विळा? दाखल्याचा शेवट विळ्याने होतो म्हणून काही वाचक तिथे दचकतात. त्यांना न्यायाचा दिवस आठवतो. ती छटा त्यात आहेच. पण ज्याने भोर-वेल्ह्यातली दिवाळीच्या सुमाराची कापणी पाहिली आहे, खळ्यावरची झोडणी ऐकली आहे, इंद्रायणी तांदळाच्या पहिल्या भाताचा वास घेतला आहे, त्याला विळा भिववत नाही. दाणा पिकतो तो लोंबीत मिरवण्यासाठी नव्हे. कोणाच्या तरी ताटात जाण्यासाठी आणि थोडा पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी. करिंथकरांना दुधावरून बोलणारा पौलच थेस्सलनीकाकरांना लिहिताना स्वतःला आपली बाळे जपणाऱ्या आईसारखा म्हणवतो, आणि गलतीकरांना सांगतो की तुमच्यासाठी मला पुन्हा प्रसूतिवेदना होत आहेत. बाळापासून मोठे होण्याची सारी प्रतिमा अशी पूर्ण वर्तुळ घेते: जो दूध पीत होता तो दूध पाजणारा झाला. तिथे ती वाढ पूर्ण झाली म्हणायची, आणि तिथूनच दुसऱ्या कोणाची तरी सुरू होते.

टिळकांनी येशूचे चरित्र ओव्यांतून गाणारे ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले आणि थोडेसेच लिहून ते गेले. ज्या पत्नीला त्यांनीच लिहावाचायला शिकवायचा खटाटोप केला होता, जिचे शिक्षण शाळेत कधी झालेच नाही, तिने उतारवयात ते काव्य पुढे चालवले आणि त्याचा बहुतेक भाग स्वतः रचला. ग्रंथ 1938 साली प्रसिद्ध झाला तेव्हा लक्ष्मीबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती. शिष्येने गुरूचे अपुरे काम पुरे करणे, पोसलेल्याने पोसणाऱ्याचे ऋण अशा रीतीने फेडणे, यापलीकडे प्रौढत्वाची आणखी कोणती खूण असू शकते? ख्रिस्ती परंपरेने माणसाच्या आत्मिक वयाची कसोटी अशी साधी ठेवली आहे: त्याला किती कळले हे ती विचारत नाही, त्याच्यामुळे कोणाची भूक भागली हे विचारते. या कसोटीवर ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा एकदा वाचावीत. एका मराठी बाईच्या हशा-रडूत भरलेला दाणा आजही किती वाचकांना पुरतो आहे, ते आपल्याला पानोपानी जाणवेल.